‘2’ म्हणजे कोण? संकेतांक, नावं आणि संगणक

मागच्या वेळी आपण वर्गीकरणाचा तात्त्विक अंगानं विचार केला. आज त्याच विषयाची एक अगदी व्यवहारातली बाजू बघू. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण समाजशास्त्र, पोषण, शिक्षण अशा विषयांत संशोधन करताहेत. एसपीएसएस, स्टाटा नाहीतर आर, यांपैकी एखाद्या सॉफ्टवेअरशी त्यांचा रोजचा संबंध येतो. तिथे एक काम सगळे घाईघाईत उरकतात, ते म्हणजे संकेतांकांना नावं देण्याचं, लेबलं लावण्याचं. तत्त्वज्ञानवाल्यांनी यात कशाला पडावं, असं कुणी म्हणेल. पण नाव आणि वस्तू यांचा संबंध हा तर आमचा फार जुना धंदा आहे!

आता बघा, 2011 च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात पुरुषासाठी 1, स्त्रीसाठी 2 आणि इतर यासाठी 3 असा संकेतांक होता. हा 2 काय आहे? तो 1 च्या दुप्पट आहे का? अर्थातच नाही. तो केवळ अंकाच्या वेषातलं नाव आहे. पाच नंबरची बस आणि दहा नंबरची बस यांची सरासरी काढून आपण साडेसात नंबरच्या बसची वाट बघत थांबत नाही. 1946 साली स्टीव्हन्स नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं मोजमापाच्या चार पातळ्या मांडल्या: नॉमिनल, ऑर्डिनल, इंटरव्हल आणि रेशो. नॉमिनलचं त्याचं उदाहरण फुटबॉल खेळाडूंच्या पाठीवरच्या नंबरांचं होतं. मुद्दा तोच.

हे आपल्याला कळतं. संगणकाला कळत नाही. त्याला 1, 2, 3 दिले आणि सरासरी मागितली, की तो 1.48 असं काहीतरी बिनदिक्कत देतो. म्हणून त्याला सांगावं लागतं की बाबा, हे अंक नव्हेत, ही नावं आहेत.

सांगण्याची रीत मात्र प्रत्येकाची वेगळी. एसपीएसएसमध्ये आणि स्टाटामध्ये लेबल हे अंकावर चिकटवलेल्या चिठ्ठीसारखं असतं. खाली 2 तसाच राहतो, वर ‘स्त्री’ दिसतं. स्टाटात तर हे दोन टप्प्यांत होतं. आधी नावांची यादी तयार करायची, मग ती यादी एखाद्या रकान्याला जोडायची. ‘होय-नाही’ची एकच यादी पन्नास रकान्यांना जोडता येते. आम्हाला ही रचना मनापासून आवडते, कारण नाव वेगळं, वस्तू वेगळी, आणि दोघांना जोडणं ही तिसरी, जाणूनबुजून करायची कृती, हे त्यात स्वच्छ दिसतं.

आर या भाषेत गोष्ट निराळी आहे. तिथे ‘फॅक्टर’ बनवताना दिलेलं लेबल चिठ्ठीसारखं वर राहत नाही, ते मूळ संकेतांकाची जागाच घेतं. आतमध्ये आर स्वतःचे नवे क्रमांक देतो, 1 पासून सुरू करून. तुमचे संकेतांक 0 आणि 1 असतील, तर आत ते 1 आणि 2 होतात. आणि हा क्रम ठरतो कसा? आपण सांगितला नाही, तर मजकुराच्या बाबतीत वर्णमालेनुसार.

इथे थोडं थांबू, कारण खरा घोळ इथेच होतो. समजा, 100 बालकांच्या दंडाचा घेर मोजला. सहा महिने ते पाच वर्षं या वयात 115 मिलिमीटरच्या खाली घेर असेल तर तीव्र कुपोषण, 115 ते 125 च्या दरम्यान असेल तर मध्यम, हे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष आपल्याला माहीत आहेत. समजा 80 मुलं साधारण, 15 मध्यम आणि 5 तीव्र निघाली. रकान्यात हेच शब्द लिहिलेत. आर त्यांचा क्रम लावतो: तीव्र, मध्यम, साधारण. त, म, स. संशोधकाला तक्त्यात साधारण आधी हवं असतं. मग तो काय करतो, तर ‘लेव्हल्स’ला साधारण, मध्यम, तीव्र अशी नवी यादी देऊन मोकळा होतो. त्याला वाटतं, क्रम बदलला. प्रत्यक्षात नावं बदलली! पहिल्या जागेवरची पाच तीव्र कुपोषित मुलं आता ‘साधारण’ झाली आणि ऐंशी धडधाकट मुलं ‘तीव्र’. बेरीज 100 च आहे, मध्यमचे 15 जागच्या जागी आहेत, आणि संगणक एक अक्षर बोलत नाही. त्याच्या दृष्टीनं काही चुकलेलंच नाही.

ऐंशी टक्के तीव्र कुपोषण बघून कुणीतरी चमकेल, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण चमकतो तो जग माहीत असलेला माणूस. आकडे 35, 30, 35 असे असते तर? ‘कमी, मध्यम, जास्त’ घ्या. वर्णमालेत ते ‘कमी, जास्त, मध्यम’ होतात. तिथे मध्यम आणि जास्त यांची अदलाबदल झाली तर कुणाच्या लक्षात येणार आहे?

न्यायदर्शनात पदाचा अर्थ काय, या प्रश्नाला व्यक्ती, आकृती आणि जाती असं तिहेरी उत्तर आहे. (ही जाती म्हणजे सामान्य, दाखल्यावरची जात नव्हे.) त्या भाषेत बोलायचं तर संगणकाकडे पद आहे आणि क्रमांक आहे, व्यक्ती अंगणवाडीत बसलेली आहे. त्या दोघांमधला दुवा फक्त तुमच्याकडे असतो.

म्हणून क्रम बदलायचा असेल तेव्हा लेव्हल्सना हात लावू नका. मूळ रकाना घ्या, फॅक्टर नव्यानं बनवा आणि बनवतानाच क्रम सांगा. मूळ रकाना पुसू नका, नव्याला वेगळं नाव द्या. मग जुना आणि नवा असा उभा-आडवा तक्ता काढा. निव्वळ क्रम बदलला असेल, तर जुन्या ‘तीव्र’च्या ओळीतले पाचही जण नव्या ‘तीव्र’खालीच सापडले पाहिजेत आणि त्या ओळीतली बाकीची घरं शून्य असली पाहिजेत. याला एक मिनिट लागतं.