ज्याला खेळू दिले नाही

(द्वितीय वर्ष, कला)

एकलव्याची गोष्ट आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. गुरूने विद्या नाकारली, तरी त्याने ती मिळवली आणि शेवटी अंगठा देऊन बसला. अमेरिकेतील बास्केटबॉलच्या इतिहासात अशीच, पण थोडी निराळी एक कथा आहे. तिथे गुरूने विद्या मोकळ्या मनाने दिली. दार लावून घेतले ते मैदानाने. त्या शिष्याचे नाव जॉन मॅक्लेंडन.

बास्केटबॉलचा जन्म १८९१ सालचा. मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे डॉ. जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात मुलांना छपराखाली खेळता यावे म्हणून हा खेळ शोधून काढला. फळांच्या दोन टोपल्या दहा फूट उंचीवर ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि खेळ सुरू झाला. हेच नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९३३ साली मॅक्लेंडन तेथे शारीरिक शिक्षण शिकण्यासाठी दाखल झाले. परंतु ते कृष्णवर्णीय! विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. खेळाच्या जनकाकडून खेळ शिकायचा, पण खेळायचा मात्र नाही, अशी ही विलक्षण स्थिती होती. विद्यापीठाच्या पोहण्याच्या तलावात ते उतरले, तर नंतर तलावातले पाणीच सोडून देण्यात आले. हे वाचताना १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे जे 'शुद्धीकरण' झाले, ते आठवल्यावाचून राहत नाही. इतके होऊनही १९३६ साली ते पदवीधर झाले. शारीरिक शिक्षणाची पदवी घेणारे त्या विद्यापीठाचे ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी.

पुढे डरहॅम येथील 'नॉर्थ कॅरोलायना कॉलेज फॉर निग्रोज' या महाविद्यालयात ते आधी साहाय्यक आणि १९४० पासून मुख्य प्रशिक्षक झाले. तोवर बास्केटबॉल हा बराचसा संथ खेळ होता. चेंडू हळूहळू पुढे न्यायचा, जागा धरून उभे राहायचे आणि संधीची वाट पाहायची. मॅक्लेंडन यांनी ही रीत मोडली. चेंडू हाती लागला, की प्रतिपक्षाचे गडी परतून आपापली जागा घेण्याच्या आतच टोपली गाठायची. यालाच 'फास्ट ब्रेक' म्हणतात. बचाव करतानाही आपल्या अर्ध्या भागात वाट पाहत थांबायचे नाही. साऱ्या मैदानभर प्रतिपक्षाच्या अंगावर जायचे. या पद्धतीचे मर्म दमात आहे. जो संघ अखेरपर्यंत धावू शकतो, त्याच्यापुढे उंच आणि बळकट गडीसुद्धा शेवटी थकतात. म्हणून मॅक्लेंडन आपल्या मुलांकडून आधी दम कमावून घेत आणि मग डावपेच शिकवीत.

या पद्धतीची खरी कसोटी लागली ती १२ मार्च १९४४ या दिवशी. त्या भागात गोऱ्या आणि काळ्या संघांनी एकमेकांशी खेळण्यास बंदी होती. ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतील गोऱ्या विद्यार्थ्यांचा एक तगडा संघ होता. रविवारी सकाळी, गावातली माणसे चर्चमध्ये असताना, तो संघ गुपचूप डरहॅमच्या त्या महाविद्यालयात आला. व्यायामशाळेची दारे आतून बंद झाली आणि सामना सुरू झाला. मॅक्लेंडन यांच्या संघाने तो ८८-४४ असा जिंकला. पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. त्यानंतर दोन्ही संघांतील मुले सरमिसळ करून पुन्हा एक डाव खेळली! ही हकीकत पुढे कित्येक दशके गुपित राहिली.

१९५४ मध्ये ते टेनेसी ए. अँड आय. या महाविद्यालयात गेले. कॅन्सस सिटीतील स्पर्धेचे निमंत्रण आले, तेव्हा त्यांनी अट घातली, की इतर संघ ज्या हॉटेलांत उतरतात तशाच हॉटेलात आमची मुले उतरतील. नुसते खेळायला बोलावणे त्यांना पुरेसे वाटले नाही. पुढे १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन वर्षे त्यांच्या संघाने एन.ए.आय.ए.चे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

१९६१ साली ते क्लीव्हलँड पायपर्स या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक होते. परंतु मालकाशी न पटल्याने हंगामाच्या मध्यावरच त्यांनी राजीनामा दिला. १९६६ साली क्लीव्हलँड स्टेट येथे त्यांची नेमणूक झाली. मुख्यतः गोऱ्या विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात मुख्य बास्केटबॉल प्रशिक्षक होणारे ते पहिले कृष्णवर्णीय. १९६९ मध्ये डेन्व्हर रॉकेट्स या व्यावसायिक संघाने मात्र त्यांना २८ सामन्यांनंतर दूर केले. व्यवसायाच्या जगात शिक्षकाला मुदत कमी मिळते, हेच खरे.

हे सारे मी का लिहितो आहे? माझ्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. प्रवेश मिळाला तेव्हा घरी सर्वांना वाटले, की आता जिंकलेच. पण आत आल्यावर कळते, की दार उघडणे ही फक्त सुरुवात आहे. इथे धावावे लागते आणि धावण्यासाठी दम कमवावा लागतो. मॅक्लेंडन यांनी दोन्ही गोष्टी केल्या. दार उघडावे म्हणून ते भांडलेही आणि दार उघडेपर्यंत त्यांनी आपल्या मुलांना रिकामे बसू दिले नाही. नुसती तयारी करून दार उघडत नाही आणि तयारीवाचून उघडलेले दार फार काळ उपयोगी पडत नाही.

स्प्रिंगफील्डच्या बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये १९७९ साली त्यांची निवड झाली, पण ती खेळाला हातभार लावणारे म्हणून. प्रशिक्षक म्हणून हा मान त्यांना मिळाला २०१६ साली, १९९९ मधील त्यांच्या निधनानंतर सतरा वर्षांनी. त्या वास्तूला नाव आहे नेस्मिथ यांचे. गुरूच्या घरी शिष्याला आपली खरी जागा मिळायला इतका काळ जावा लागला!