हत्ती चार पायांवर उभा कसा राहतो?

कापडी खेळणी शिवायला आवडणाऱ्या प्रत्येकाला मार्गारेटे श्टाइफ माहीत असायलाच हवी. जन्म 1847, जर्मनीतलं गींगन गाव. लहानपणीच पोलिओने पाय गेले, उजवा हात अधू झाला, तरी ती शिवण शिकली. 1880 मध्ये एका मासिकातल्या नमुन्यावरून तिने फेल्टचा छोटा हत्ती शिवला, तो टाचण्या टोचून ठेवायला. मुलांनी मात्र तो खेळायलाच घेतला! त्यातूनच पुढे जगप्रसिद्ध खेळण्यांचा कारखाना उभा राहिला.

फेल्टची निवड मला फार शहाणपणाची वाटते. विणलेल्या कापडासारखे त्याचे दोरे सुटत नाहीत, त्यामुळे लहान तुकडेही नीट शिवता येतात.

आता खरी गंमत पोटाखालच्या तुकड्यात आहे. हत्तीच्या दोन बाजू नुसत्या एकमेकींना जोडल्या तर उशीसारखा चपटा हत्ती होतो. पोट आणि पायांच्या आतल्या बाजू असलेला तिसरा तुकडा मध्ये घातला, की चार पाय वेगळे होतात आणि हत्ती उभा राहतो.

सुती कापडावर करणार असाल तर चहूबाजूंनी अर्धा सेंटिमीटर जास्त कापड ठेवा, उलट्या बाजूने शिवा आणि सुलटं करण्याआधी वळणांवर शिलाईच्या जवळपर्यंत बारीक कातर मारा. नाहीतर सोंडेला चुण्या पडतात. कापूस आधी सोंडेत आणि पायांत, थोडा थोडा, काडीने दाबून भरा. तान्ह्या बाळासाठी असेल तर डोळे मण्यांचे नकोत, दोऱ्याने भरा.