कडी आहे, पण लावली आहे का?



आपल्या गटाच्या संगणकात काय काय ठेवलंय, आठवा बरं. बचतीचा हिशेब, कर्जाच्या नोंदी, ठराव, शिवाय सगळ्यांच्या आधार कार्डाचे आणि पासबुकाचे फोटो. कागद ठेवायच्या कपाटाला आपण कुलूप लावतो. मग संगणकाचं काय?

आमच्या गटात दिवाळीआधी प्रिंटर चालेना. दुरुस्तीला आलेल्या माणसानं संगणकाची फायरवॉल बंद केली, प्रिंटर चालू करून दिला आणि तो गेला. फायरवॉल पुन्हा लावायची राहिली. मार्चअखेरचा हिशेब करताना लाल फुली दिसली, तेव्हा आमच्या लक्षात आलं. एवढे महिने दार उघडंच होतं! आतलं काही कुणी पाहिलं का, नेलं का, हे आम्हाला आजही सांगता येत नाही.

फायरवॉल म्हणजे काय? इमारतीत एका बाजूची आग दुसरीकडे पसरू नये म्हणून भिंत बांधतात, तिच्यावरून हे नाव आलं. इंटरनेटवरून संगणकात यायला क्रमांकाची ६५,५३५ दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. आपण स्वतः काही मागवलं, तर त्याचं उत्तर फायरवॉल आत येऊ देते. न बोलावता कुणी दार ढकललं, तर त्याला अडवते.

२००३ च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा किडा जगभर पसरला. कुणी काही उघडायची गरज नव्हती, इंटरनेटवरून तो आपोआप संगणकात शिरायचा. त्या वेळच्या विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल होती, पण ती आधीपासून चालू नसायची. दाराला कडी होती, लावलेली नव्हती! पुढच्या वर्षी, २००४ मध्ये, मायक्रोसॉफ्टनं ती आपोआप चालू राहील अशी सुधारणा केली. म्हणून आज ती बहुधा चालूच असते. तरी कुणी बंद केली नाही ना, हे आपणच बघायचं.

विंडोज १० किंवा ११ असेल तर असं करा. खालचं स्टार्टचं बटण दाबा आणि ‘विंडोज सिक्युरिटी’ असं इंग्रजीत टाइप करा. ते उघडलं की ‘फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन’वर जा. तिथं डोमेन, प्रायव्हेट आणि पब्लिक अशी तीन नावं दिसतील. प्रत्येकासमोर फायरवॉल ‘ऑन’ आहे का पाहा. ‘ऑफ’ असेल तर त्या नावावर जाऊन बटण ‘ऑन’ करा. परवानगी विचारली तर ‘येस’ म्हणा. पैसे लागत नाहीत. विकतच्या अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल, तर तिथं त्याचं नाव दिसेल. मग विंडोजची वेगळी लावायची गरज नाही.

बाहेरच्या वायफायला जोडताना ‘पब्लिक’ निवडा, म्हणजे आपला संगणक इतरांना दिसत नाही. घरच्या किंवा गटाच्या खात्रीच्या वायफायला ‘प्रायव्हेट’ चालतं. एखादं प्रोग्राम आत येऊ देऊ का, असं फायरवॉलनं विचारलं आणि ते ओळखीचं नसेल, तर ‘कॅन्सल’ दाबा. आणि प्रिंटर अडला तर फक्त त्याच्यापुरती परवानगी द्यायला सांगा, सगळी फायरवॉल बंद करू देऊ नका.

एक मात्र ध्यानात ठेवा. कडी लावली, तरी आपणच दार उघडून चोराला आत घेतलं तर कडी काय करणार? फोनवर कुणाला ओटीपी सांगितला किंवा अनोळखी ईमेलमधली फाईल उघडली, तर फायरवॉल वाचवेलच असं नाही. विंडोजचे अपडेटही वेळच्या वेळी घ्यायला हवेत.

आम्ही आता मासिक बैठकीच्या दिवशी हजेरी झाली की आधी ही तीन नावं बघतो. दोन मिनिटं लागतात. दुरुस्तीवाला येऊन गेला की त्याच दिवशी पुन्हा बघतो. तुमच्याही पुढच्या बैठकीत संगणक उघडा आणि सगळ्याजणी मिळून पाहा. एकीलाच येऊन चालत नाही, ती माहेरी गेली की काम अडतं!