गावाला मदत करताना : जामखेडचा धडा



गावाकडच्या मदतीचे आवाहन निघाले की जर्सी सिटीतील आपली मंडळी सढळ हाताने देतात. नंतर प्रसादाच्या रांगेत ज्येष्ठ मंडळी मला हमखास विचारतात, "डॉक्टर, या पैशाने गरिबी खरंच हटते का हो?" उत्तरादाखल मी जामखेडची हकीगत सांगतो.

जामखेड हा अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील दुष्काळी तालुका. पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे जन्मगाव चौंडी याच तालुक्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन 1970 साली तेथे कामाला लागले. तेव्हा त्या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी सुमारे 176 बाळे वर्षाच्या आत दगावत.

आजार आणि गरिबी यांचे नाते आम्हा डॉक्टरांना रोज दिसते. घरातले माणूस अंथरुणाला खिळले की मजुरी बुडते, शेळी विकली जाते, सावकाराचे कर्ज होते आणि शेवटी जमीन गहाण पडते. नुसत्या गोळ्या देऊन हे चक्र थांबत नाही.

आरोळे दांपत्याने आधी गावकऱ्यांना विचारले. त्यांना औषधाआधी अन्न आणि पाणी हवे होते. म्हणून विहिरी आणि हातपंप झाले. हातपंप मुद्दाम दलित वस्तीत बसवले, म्हणजे सारे गाव पाण्यासाठी तिथे येईल. शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी राहिली. गावाने आपल्यातलीच एक बाई आरोग्यसेविका म्हणून निवडायची, असे ठरले. यातल्या अनेकजणी निरक्षर होत्या, बऱ्याच दलित होत्या. जामखेडला वरचेवर येऊन त्या सुरक्षित बाळंतपण, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी, क्षयरोग आणि कुष्ठरोगाची लक्षणे ओळखणे हे सारे शिकल्या आणि गावात जाऊन इतरांना शिकवू लागल्या. महिला मंडळांतून बायका बचत करू लागल्या, छोटी कर्जे घेऊन स्वतःचा धंदा करू लागल्या.

नव्वदच्या दशकात तेथील बालमृत्यूंचे प्रमाण हजारी तिसाच्या खाली आले होते. 1979 साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज डॉ. मेबल (निधन 1999) आणि डॉ. रजनीकांत (निधन 2011) हयात नाहीत, पण गावातलीच बाई गावाचे आरोग्य सांभाळू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. 2005 पासून भारत सरकारच्या योजनेतील 'आशा' कार्यकर्त्या याच वाटेने जात आहेत.

माझीही एक चूक सांगतो. मी एकदा गावाकडच्या एका दवाखान्याला यंत्र पाठवले. ते चालवणारे तिथे कोणी नव्हते. यंत्र खोक्यातच राहिले. मी आधी विचारलेच नव्हते.

म्हणून पुढच्या वेळी देणगी देताना तीन प्रश्न जरूर विचारा. ही गरज कोणी सांगितली, गावाने की आपण? काम चालवणार कोण? आपला पैसा थांबल्यावर ते चालेल का? उत्तरे समाधानकारक असतील, तर हात आखडता घेऊ नका.