बेशरम कोण, झुडूप की कंत्राट?

भंडारा-गोंदियात मामा तलाव म्हणतात ते माजी मालगुजारी तलाव. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव शासनाकडे आले, नाव तेवढे उरले. गोंड राजवटीत कोहळी समाजाच्या जाणकारीतून ते उभे राहिले, असे आपण वाचतो. मातीच्या टोपल्या कोणाच्या डोक्यावर होत्या, हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

आज या पाळींच्या उभ्या उतारावर बेशरमचे रान माजले आहे. त्याआड पडलेली भेग, घुशीचे बीळ, झिरपणारे पाणी काहीच दिसत नाही. साफसफाई हवीच. प्रश्न आहे, ती कोण करतो आणि कशी?

काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आली. पाळ साफ करताना पाय घसरला आणि ती हातातल्या कोयत्यावरच पडली. उजव्या हाताची तीन बोटे आता मिटत नाहीत. कंत्राटदार म्हणाला, ही माझी मजूरच नव्हे. कार्यालयाने हजेरीपट पुढे केला, त्यात तिचे नाव नव्हते! कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व या देशाच्या कायद्यात 1923 पासून आहे. पण आधी ती मजूर होती हे तर सिद्ध व्हावे! सोबत बारा बाया होत्या. साक्षीला दोघीच आल्या. बाकीच्यांना पुढच्या हंगामात काम हवे होते. त्यांना दोष कसा द्यावा?

त्या कामाच्या अंदाजपत्रकात उभ्या उताराचा दर सपाट जागेचाच होता. दोराला, बुटांना एक पैसा नव्हता. वरच्या झाडाला दोर बांधला असता, एकाच्या डोक्यावर दुसरा कोयता चालवत नसता, पाळ ओली असताना काम काढले नसते, तर ती बाई आज धान रोवत असती.

मग जेसीबी लावा, असे सुशिक्षित मंडळी सुचवतात. जेसीबी बेशरमसोबत गवतही खरवडतो आणि उघडी माती पहिल्याच पावसात तलावात उतरते. आग लावली तरी तेच. तणनाशक फवारले तर ढिवर बांधवांच्या मासळीचे काय? बेशरम नुसता कापून काठावर टाकला की कांडी ओल्या मातीत पुन्हा मूळ धरते. शेळ्या सोडाव्यात तर तो विषारी. तेव्हा पावसाळ्यानंतर पाणी ओसरले की टप्प्याटप्प्याने मुळासकट खणावा, पाण्यापासून दूर नेऊन वाळवावा आणि मोकळ्या जागी लगेच हरळी किंवा वाळा लावावा. पाळीवरची लहान झाडे वेळीच काढावीत. मोठी मात्र उपटू नयेत, कारण मुळे कुजली की त्यांच्या पोकळीतून पाणी वाट काढते. हे सारे हातांचे काम आहे, आणि कसबाचे. त्याचा दरही तसाच हवा.

2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिंचलाल तिवारी खटल्यात तलाव ही समाजाची संपत्ती मानून तिचे रक्षण करण्यास सांगितले. अतिक्रमणाच्या दाव्यांत आम्ही वकील तो निवाडा नेहमी पुढे करतो. त्या संपत्तीच्या पाळीवर उतरणाऱ्या मजुराविषयी मात्र आमच्या अर्जांत एक ओळ नसते. मीही त्यातलाच.

यंदा पाळीवर जाणाऱ्यांनी कोयता उचलण्याआधी हजेरीपटात आपले नाव वाचून घ्यावे. वाचता येत नसेल तर पोराला सोबत न्यावे. नाव नसेल तर त्याच दिवशी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये.