बाबांच्या मोबाईलवर आलेलं चलान

आमच्या विश्रामबागचा सांगली-मिरज रस्ता संध्याकाळी कधी पाहिलाय? विलिंग्डन आणि वालचंद कॉलेजची मुलं, क्लास सुटलेली पोरं, स्टेशनकडे निघालेली माणसं, भाजीच्या पिशव्या लावलेल्या स्कूटी... आणि मधूनच कानठळ्या बसवत एखादी मोटारसायकल सुसाट जाते. चालवणाऱ्याला अजून मिसरूडही फुटलेलं नसतं!

गेल्या वर्षी असाच एक जण माझ्या दारात आला. चौथीला माझ्याच वर्गात होता, आता अकरावीत. सोळा पुरी, सतरावं चालू. मान खाली घालून म्हणाला, "बाई, हजार रुपये देता का? दर महिन्याला शंभर-शंभर फेडतो."

हळूहळू सगळं बाहेर आलं. रविवारी बाबा झोपले असताना गडी त्यांची गाडी घेऊन मित्राबरोबर मिरजेजवळच्या महामार्गावर गेला होता. तिथे पोलिसांची वेग मोजणारी गाडी उभी होती. कुणी अडवलं नाही, म्हणून स्वारी खूश. दोन दिवसांनी बाबांच्या मोबाईलवर मेसेज आला. हा त्या वेळी मोबाईल खेळत होता. त्याने तो मेसेज पुसून टाकला!

मेसेज पुसला म्हणजे चलान पुसलं, असं तुम्हालाही वाटतं का? चलान असतं गाडीच्या नंबरावर. राज्य वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की ठिकाण, वेळ, वेग आणि बहुतेक वेळा फोटोसुद्धा दिसतो. (पालकहो, एक सावधगिरी. अशा नावाने खोटे मेसेजही येतात. त्यातली लिंक उघडू नका, कुठलंही ॲप उतरवू नका. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असतं, तिथे स्वतः जाऊन पाहा. चलान चुकीचं वाटलं तर तक्रारही तिथेच करता येते.)

पण खरी अडचण हजार रुपयांची नव्हतीच. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यानुसार गाडी चालवायला १८ वर्षं पूर्ण लागतात. १६ व्या वर्षी परवानगी आहे ती फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला, आणि तीही परवाना काढून. तुमच्या आईबाबांच्या तरुणपणी लुना होती, आता तशा गाड्या दुकानात शोधूनही सापडायच्या नाहीत. घरातली ११० सीसीची स्कूटी यात बसत नाही!

२०१९ मध्ये या कायद्यात एक कलम वाढवलं गेलं, १९९-अ. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर दोषी धरले जातात पालक किंवा गाडीचा मालक. २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानाही नाही.

हे सांगितलं तेव्हा तो रडायलाच लागला. त्याचे बाबा कुपवाड एमआयडीसीत पाळीला जातात ते त्याच गाडीवर.

कायदा एवढा कडक कशाला, असं वाटतं ना? १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरमध्ये एका सतरा वर्षांच्या मुलाने भरधाव मोटारीने दुचाकीला धडक दिली. दोन तरुण इंजिनिअर जागीच गेले. जामीन देताना त्या मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, म्हणून देशभर संताप उसळला होता. वडिलांवरही गुन्हा दाखल झाला.

आता थोडं गणित करू. वही काढा! ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. ताशी ६० म्हणजे जवळजवळ १७ मीटर. समोर २० मीटरवर एक लहान मूल रस्त्यात आलं. ते दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातोच. ताशी ४० वाला ११ मीटर पुढे गेला, उरलेल्या ९ मीटरमध्ये कोरड्या रस्त्यावर कसाबसा थांबला. साठवाल्याचे १७ मीटर ब्रेक दाबण्याआधीच संपले. उरले तीन. मुलापाशी पोचेल तेव्हा त्याचा वेग किती असेल? अजूनही ताशी ५० च्या वर! आमच्या चौथीच्या मुलांना मी हे मैदानात चुन्याच्या रेघा मारून दाखवते. तिसऱ्या रेघेला सगळे गप्प होतात.

गंमत म्हणजे वेगाचा दंड मोटारीइतकाच जुना आहे. १८९६ मध्ये इंग्लंडात वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या गृहस्थाला पोलिसाने चक्क सायकलवरून पाठलाग करून पकडलं. वेग होता ताशी ८ मैल, म्हणजे साधारण १३ किलोमीटर! दंड झाला एक शिलिंग.

तर मी काय केलं? पैसे दिले नाहीत. म्हटलं, "आज संध्याकाळी तू बाबांना सांगायचंस. मी शेजारी बसेन, पण बोलायचं तूच." त्याने सांगितलं. बाबा उठले तेव्हा वाटलं, आता हात उचलतात. पण ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "दूध आणायला किल्ली मीच देत होतो की रे."

खरं सांगू? मला तिथे त्या पोराइतकाच बापाचाही अभिमान वाटला. आपल्याकडे बारा वर्षांचं पोरगं गाडी चालवतंय म्हणून कौतुकाने व्हिडिओ काढणारे आईबाप मी पाहिलेत.

दुसऱ्या दिवशी बाबांनी सुट्टी टाकली. दोघं बसने वाहतूक शाखेत गेले आणि खरं काय ते सांगितलं. त्या दिवशी दंड आणि कडक समज एवढ्यावर भागलं. दर वेळी भागेल, असं कुणी समजू नका! त्या महिन्याचा घरचा हिशेब मात्र पार विस्कटला. दिवाळीला त्याने स्वतःच कपडे नको म्हणून सांगितलं.

किल्ली आता आईच्या मसाल्याच्या डब्यामागे असते. परवा शंभर फुटी रस्त्यावर तो भेटला, सायकलवर, मागे दुधाची किटली. मला पाहून थांबला.

"बाई, अजून सात महिने. मग आधी शिकाऊ परवाना."

"आणि गाडी?"

"ती बाबांचीच आहे," म्हणाला आणि पॅडल मारत निघून गेला.