वास कुठे साठवला आहे?

श्रावणात त्र्यंबकेश्वरी देवळाच्या वाटेवर बेलपानांच्या राशी दिसतात. त्यातले एक पान उजेडासमोर धरून भिंगातून पाहू. (आपण ज्याला त्रिदळ म्हणतो, ते वनस्पतिशास्त्रात तीन पर्णिकांचे एकच संयुक्त पान.) पानात बारीक पारदर्शक ठिपके दिसतील. या तैलग्रंथी. पान चुरगाळले की त्या फुटतात आणि वास येतो. लिंबू आणि कढीपत्त्याच्या पानांतही असे ठिपके आढळतात, कारण ही सारी मंडळी रुटेसी या एकाच कुळातली.

बेलपानाच्या तेलात लिमोनीन हा महत्त्वाचा घटक असतो. संत्र्याच्या सालीतील तेल तर बहुतांशी लिमोनीनच. त्याच्या रेणूत कार्बनचे १० अणू असतात. पाच कार्बनचे दोन तुकडे जोडले की हा सांगाडा तयार होतो. या पाच कार्बनच्या एककाला आयसोप्रीन म्हणतात. अनेक सुगंधी द्रव्ये अशी जोडणीची असतात, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑटो वालाख यांनी १८८७ मध्ये दाखवले. १९१० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

चंदनातील सँटॅलॉलमध्ये अशी तीन एकके, म्हणजे १५ कार्बन, आणि शिवाय एक ऑक्सिजन असतो. रेणू जड, म्हणून तो सावकाश उडतो. चुरगाळलेल्या बेलपानाचा वास थोड्या वेळात विरतो, उगाळलेले चंदन मात्र बराच वेळ दरवळते, याचे एक कारण हेच.

झाड हा खटाटोप आपल्यासाठी करत नाही. त्याला जागा सोडून पळता येत नाही. पाने खाणारे कीटक आणि बुरशी यांना दूर ठेवायला ही तेले उपयोगी पडतात.

आता मूळ प्रश्न. बेलाचे तेल पानात असते. बेताने पाने तोडली तर झाडाला पुन्हा पालवी फुटते. वाळ्याचे तेल मुळांत असते, म्हणून तो उपटावा लागतो. चंदनाचे तेल खोडाच्या गाभ्यात व मुळांत असते आणि ते साठायला कित्येक वर्षे लागतात. ते मिळवायचे तर झाडच पाडावे लागते. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने चंदनाची नोंद संकटग्रस्त जातींत केली आहे, ती अशा अतितोडीमुळेच.

वर्गात एक तक्ता करून घ्यावा, असे आम्ही सुचवतो: परिसरातील सुगंधी वनस्पती, वास असलेला भाग, आणि तो भाग काढल्यावर मागे काय उरते. तिसरा रकाना भरताना मुलांना जरा थांबू द्यावे.